पुढची चूल

मी धाकट्या जावेवर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी काही शोधून काढल्यासारखं मला ऐकवायला नको. आणि जळत कशावरून होते, तर चुलीवरून. घरातल्या चुलीवरून नव्हे. घरातल्या चुली आमच्या केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या, मधे विटांची एक भिंत घातली होती आणि भिंतीच्या अलीकडं-पलीकडं आमचं बरं चाललं होतं. ही चूल हॉटेलातली. यवतजवळ पुणे-सोलापूर रस्त्याला लागून एक मटण-भाकरीचं हॉटेल होतं, त्याच्या बगलेला परमिट रूम. तिथं आम्ही दोघी भाकरी थापायला जायचो.

तिला तिथं आणली कुणी? मीच. आधी मी एकटी होते. त्या जागी नुसता ढाबा होता, बाहेर बाजा टाकलेल्या असायच्या, तेव्हापासून. ट्रकवाले यायचे, पोटभर खायचे, आणि जाताना मागच्या पत्र्याच्या शेडपाशी येऊन म्हणायचे, "माँजी, रोटी बढिया थी." मी तेव्हा तिशीची होते, माँजी कसली! पण बरं वाटायचं. पैसे कुणी द्यायचं नाही. ट्रकवाला टीप देत नाही, त्याला ती माहीतच नसते. तो हाक मारतो, तेवढंच. मग रस्ता चौपदरी व्हायला लागला, मालकानं टेबलं आणली, पंखे लावले, फॅमिली रूम केली, आणि पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या. त्या दिवसापासून मागं येऊन कुणी मला काही म्हणालं नाही.

मग टीप सुरू झाली. आम्ही तिला 'वरचं' म्हणायचो. बिल जायचं स्टीलच्या छोट्या ताटलीत, सोबत बडीशेप आणि खडीसाखर. गिऱ्हाईक बडीशेप तोंडात टाकायचं आणि ताटलीत नोट ठेवून उठायचं. वेटर ती ताटली अशी उचलायचा की नोट कधी खिशात गेली ते ताटलीलाही कळायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाकरी एक नंबर." वेटर म्हणायचा, "थँक्यू साहेब." अरे, थँक्यू कशाचं? भाकरी काय तुझ्या आईनं थापली होती? मागं धुरात डोळे पुसत कोण बसली होती, ते विचार की! पण कोण विचारणार. मला दिवसाचा रोज ठरलेला होता, दहा तारखेला महिन्याचा हिशेब व्हायचा, तो वेटरच्या पगाराच्या निम्मा. वर वेटरचं वरचं. मी एकदा हेड वेटरला म्हणाले होते, "बाबा, कधी मागच्यांनाही द्या थोडं." तर तो म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक माझं तोंड बघून देतं." त्याचं तोंड! देवा, त्या तोंडाकडे बघून कुणी शिळं पाणीसुद्धा देणार नाही.

गर्दी वाढली, एका बाईच्यानं भागेना, तेव्हा मालक म्हणाले की आणखी कोणी असली तर आणा. मी धाकटीला आणलं. ती निमोण्याची, शिरूर तालुक्यातली. माहेरी लाडात वाढलेली, उंच, गोरी, हसली की गालाला खळी. भाकरी मात्र तिची, काय सांगू, एका बाजूला जाड आणि दुसरीकडून कागदासारखी. तव्यावर टाकताना मोडायची. मी तिला पीठ कसं मळायचं ते शिकवलं, पाणी किती गरम लागतं ते शिकवलं. हळूहळू जमायला लागली, तरी दहातल्या तीन मोडायच्या. त्या मोडक्या आम्ही दोघी दुपारी चटणीबरोबर खायचो. तेव्हा आमचं छान होतं. खोटं कशाला बोलू.

मग मालक एकदा नगर रस्त्यानं शिरूरच्या पलीकडं कुठं गेले, तिथं त्यांनी एक हॉटेल बघितलं. हॉटेलच्या दारातच चूल, आणि चुलीवर नऊवारीतली बाई भाकरी थापतेय. गाड्या तिला बघूनच थांबतात म्हणे. झालं. मालकांच्या डोक्यात ते बसलं. आठवड्यात आमच्या हॉटेलच्या दारात उसाच्या पाचटाची खोप उभी राहिली, शेणानं सारवलेली जमीन, गेरूनं रंगवलेली चूल, बाजूला जातं. त्या जात्यावर कुणी कधी दळलं नाही, ते नुसतं ठेवायला.

मला खात्री होती की पुढं मी बसणार. जुनी कोण? मी. भाकरी कुणाची? माझी. मी तर यवतच्या बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरून आले. नवरा गुऱ्हाळावर कामाला होता, त्यालाही सांगून ठेवलं की आता बघा, वरचं मिळायला लागलं की पत्रे काढून कौलं घालू. तो म्हणाला, "बघू." त्याचं सगळं बघूच असतं.

तर त्या दिवशी मालक मागच्या शेडमधे आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत हिरवी नऊवारी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग धाकटीकडं बघितलं. आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"ताई, उद्यापासून तुम्ही पुढं." आणि मला म्हणाले, "मावशी, मागचं तुमच्याशिवाय कोण बघणार?"

ती ताई, आणि मी मावशी. आमच्यात अंतर किती, तर मोजून सात-आठ वर्षांचं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातली भाकरी मी तव्यावर आपटली. आणि पुढचं ऐका. त्या बयेला नऊवारी नेसता येईना. नेसवली कुणी? मी! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेडमधे, दाराला पोतं लावून. कासोटा इतका घट्ट खोचला की ती म्हणाली, "आक्का, बसता येईना की हो." मी म्हणाले, "लागंल सवय." आणि बाहेर आली तर काय दिसत होती! वेटर बघत राहिले. मीसुद्धा बघत राहिले, आणि मला जास्तच राग आला.

आता ह्यातली गंमत ऐका. गंमत कसली, अन्याय. पुढच्या चुलीवर ती थापायची ती दाखवायला. एकटीच्या हातानं, तेही हसत, बोलत, फोटोला मान वळवत, रविवारच्या गर्दीला पुरणार किती? म्हणून माझ्या भाकऱ्या मागच्या शेडमधून टोपलीत फडक्याखाली घालून वेटर बाजूच्या दारानं न्यायचा आणि तिच्या टोपलीत रिकाम्या करायचा. गिऱ्हाईक समजायचं सगळ्या तिच्या. "अगदी चुलीवरची आहे हो!" अरे, चुलीवरचीच आहे, पण कुणाच्या?

आणि तिच्यासमोर एक पितळी ताट. त्यात हळदकुंकवाची कुयरी, दोन फुलं, आणि सकाळी मालक स्वतः त्यात दोन-तीन नाणी आणि एक नोट टाकून ठेवायचे. नुसतं ताट दिसलं तर माणसाला सुचत नाही, आधीच काही पडलेलं दिसलं की हात खिशात जातो. मालक हुशार. पुण्याच्या बायका भुलेश्वरच्या देवळात जाऊन यायच्या, पोरांना चूल दाखवायच्या, "बघ, आजी अशी करायची," म्हणायच्या आणि ताटात नोट टाकायच्या. माझ्या भाकरीला. तिच्या ताटात.

संध्याकाळी आम्ही सहा आसनी रिक्षातून घरी यायचो. ती मला सांगायची, आणि सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. "आक्का, आज एका बाईनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, किती मऊ हायत." मऊ असणारच की! थापतंय कोण! "आक्का, आज एका साहेबानं नोट टाकली आन् म्हणाला, ही तुमच्या कलेला." कला! मी रिक्षाच्या बाहेर बघत बसायचे. उसाचे मळे जायचे, गुऱ्हाळाचा वास यायचा.

तिच्याकडं मिक्सर आला. हप्त्यानं घेतला म्हणाली. सकाळी माझ्या पाट्यावर मी वाटायला बसले की भिंतीपलीकडं तो घर्रर्र करायचा. मला वाटायचं मुद्दाम लावते. चटणीला कितीसा वेळ लागतो? पण तिचा चालायचा तो चालायचाच. माझा नवरा एकदा म्हणाला, "आवाज चांगला हाय गं." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

दहा तारखेला पगाराला आम्ही सगळे काउंटरपाशी रांगेत उभे राहायचो. भांडी घासणारे, भट्टीवाला, वेटर, शेवटी मी. धाकटी रांगेत नसायची. पहिल्या महिन्यातच मी विचारलं, "तुझं गं?" ती म्हणाली, "माझं शेठ वेगळं देत्यात. पाकिटात."

पाकिटात! मला आयुष्यात कुणी पाकिटात घालून काही दिलं नव्हतं. लग्नाचा आहेरसुद्धा रुमालात आला होता. आम्हाला मालक ड्रॉवरमधून काढून, थुंकी लावून मोजून हातावर ठेवायचे, आणि हिला पाकीट. त्या दिवसापासून ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कसं असेल, पांढरं असेल, त्यावर नाव लिहिलं असेल, असलं काहीबाही मनात यायचं.

श्रावण आला. श्रावणात मटणाचं हॉटेल म्हणजे माशा मारायच्या. परमिट रूम तेवढी थोडी चालायची, तीसुद्धा लोक चोरून यायचे म्हणून. एका सकाळी धाकटी माझ्याकडं पिठाला आली. "आक्का, गिरणी बंद हाय, थोडं ज्वारीचं पीठ द्या." दिलं. चार दिवसांनी परत आली, परत गिरणी बंद. मला संशय आला नाही. मला वाटलं, ताटातल्या नोटा जपून ठेवते आणि माझं पीठ खाते, कंजूष कुठली. मी पीठ दिलं पण मापटं काठोकाठ भरलं नाही.

दिवाळी झाली आणि गर्दी परत वाढली, तेव्हा मला सहन होईना. मी ठरवलं, मालकाशी बोलायचंच. पुढची जागा माझी आहे, ती मी घेणार. दुपारी गर्दी ओसरल्यावर गेले काउंटरपाशी. पदर खोचला होता, मालकांनी तो बघितला.

"शेठ, पुढं मी बसनार."

"का हो मावशी? काय झालं?"

"भाकरी माझी जातीया पुढं. लोकं माझ्या भाकरीला पैसं टाकत्यात. ताटातलं माझं हाय."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते हसले. "बसा की. न्हाई कोण म्हणतंय? उद्यापासून बसा. ताई मागं येतील. पण मावशी, एक हाय. पुढं बसणाऱ्याला पगार नसतो."

"म्हंजी?"

"म्हंजी ताट हाय ना तिथं. वरचं मिळतंय, मग पगार कशाला? परमिट रूमची दोन पोरं हायती, त्यांना तरी कुठं पगार हाय? वरच्यावरच काम करत्यात. उलट म्हणत्यात, शेठ, आमाला रात्रीची टेबलं द्या."

"आन् धाकटीचं पाकीट?"

"कसलं पाकीट?" मालक म्हणाले. आणि ते खरंच बोलत होते, त्यांना पाकिटातलं काही माहीत नव्हतं.

खरं सांगते, मला पहिल्यांदा दया आली नाही. आनंद झाला. इतका आनंद झाला की मला काउंटरचा आधार घ्यावा लागला. पाकीट नव्हतंच! पगार नव्हताच! रविवारच्या नोटा तेवढ्या, आणि सोमवार ते शुक्रवार ताटात मालकांचीच नाणी, संध्याकाळी तीसुद्धा परत घेत असणार. आणि श्रावणात? श्रावणात ती माझ्या पिठावर जगली! मग मला तो मिक्सर आठवला, त्याचे हप्ते आठवले, आणि मी मनात म्हणाले, वाजव बाई, वाजव.

मी मालकांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला मागंच बरं हाय." ते म्हणाले, "बघा, तुमची मर्जी." माझा ठरलेला रोज सोडून ताटाच्या भरवशावर बसायला मी काय येडी होते? पण जळणं काही थांबलं नाही. पगार नाही तर नाही, तोरा तर तिचा होताच. फोटो तिचेच निघत होते. लोक हातात हात तिचाच घेत होते. तिला पगार नसल्याची गोष्ट मी तोंडात गूळ धरावा तशी धरून ठेवली. ती रिक्षात सांगायची, "आक्का, औंदा शेठनी पगार वाढवला माझा," आणि मी म्हणायचे, "व्हय का गं? किती वाढवला?" ती पदर सारखा करायला लागायची. मला बरं वाटायचं.

मग तो रविवार आला. दुपारी हॉटेल खच्चून भरलेलं, बाहेर गाड्या रस्त्यापर्यंत, वेटरला मान वर करायला सवड नाही. माझी टोपली भरली आणि न्यायला कुणी येईना. मी ओरडले, कुणी ऐकलं नाही. शेवटी मीच टोपली डोक्यावर घेतली आणि बाजूच्या दारानं पुढं आले. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्या खोपीपाशी आले होते.

खोपीभोवती लोक. एका कंपनीतले मोठे साहेब होते, ते दर रविवारी चार-पाच गाड्या घेऊन यायचे, मालक त्यांच्या पुढं-पुढं करायचे. त्यांची बायको कॅमेरा घेऊन वाकून उभी. धाकटी थापत होती, खळी पाडून हसत होती. बाईंनी फोटो काढला, ताटात मोठी नोट ठेवली, आणि प्रेमानं विचारलं, "ताई, इथं पगार बरा देतात ना हो तुम्हाला?"

धाकटी म्हणाली, "देत्यात की. आमचं शेठ लई चांगलं हायती. माझा पगार पाकिटात देत्यात."

पाकीट म्हणाली ना, तिथंच माझं डोकं फिरलं. टोपली डोक्यावर तशीच, कपाळावर घाम, तोंडाला राख. मी मोठ्यानं म्हणाले, "खोटं बोलतीया! एक पै पगार न्हाई तिला. वरच्यावर बसवलीया. आन् ह्या भाकरी बी तिच्या न्हाईत, माझ्या हायत!"

मला काय हवं होतं? मला तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, सगळ्यांसमोर. आणि उतरलं. असं उतरलं की ती हातात पीठ नसताना नुसतीच परात थापत राहिली. कानापर्यंत लाल. मला वाटलं होतं मला गार वाटेल. वाटलं थोडं. पण लोक तिच्याकडं बघतच नव्हते. लोक काउंटरकडं बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "अगं बाई! पगारच नाही?" साहेबांनी हाक मारली, "अहो शेठ, जरा इकडं या." मालक हात पुसत, हसत आले. साहेब म्हणाले, "काय हो, ह्या ताईंना पगार देत नाही म्हणे तुम्ही? आम्ही आपले समजतो, पगार देत असाल, वर आमच्याकडून खुशी म्हणून थोडं."

मालक म्हणाले, "कोण म्हणतं? ताई तर घरच्यासारख्या..."

"घरच्यासारख्या म्हणजे फुकट?" एक म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले. कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "किती देता ते सांगा ना," ते म्हणाले.

मालकांची अशी पंचाईत झालेली मी आधी कधी बघितली नव्हती. आजूबाजूला सगळी टेबलं कान देऊन. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, त्या नजरेत माझं काही खरं नव्हतं. मग छाती पुढं काढून म्हणाले, "आमच्या हेड वेटरला जेवढा देतो, तेवढा! ह्या महिन्यापासून ठरलंच होतं आमचं. काय ताई?"

धाकटीनं मान वर केली. तोंडाला पीठ लागलेलं. ती म्हणाली, "व्हय शेठ."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. आणखी दोघींनी ताटात नोटा टाकल्या. मालक माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "मावशी, टोपली ठेवा आणि मागं जा."

मी मागं गेले. भाकरी थापायला बसले आणि पीठच मळेना. म्हणजे बघा, बुडवायला गेले आणि तारून आले! मला वाटलं, मालक चार दिवसांत विसरतील. कुठले विसरतात! साहेब दर रविवारी यायचे आणि आल्या-आल्या खोपीपाशी विचारायचे, "काय ताई, चालू झाला का?" मोठं गिऱ्हाईक, मालकांना तोंड फिरवता येईना.

दहा तारीख आली. त्या दिवशी धाकटी रांगेत माझ्यापुढं उभी होती, पहिल्यांदाच. मालकांनी थुंकी लावून नोटा मोजल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. मग माझ्या ठेवल्या. मला मोजायची गरज नव्हती, जाडीवरूनच कळलं. माझ्यापेक्षा दुप्पट. मोडक्या भाकरीवालीला दुप्पट, आणि वर ताट! ज्या बाईनं भाकरी शिकवली, पीठ दिलं, नऊवारी नेसवली, आणि आता पगारही मिळवून दिला, तिला तोच जुना रोज. मालकांनी मला काढलं नाही, एवढं खरं. काढून करतील काय, भाकरी कोण करणार?

सहा आसनी लवकर मिळेना. आम्ही दोघी रस्त्याकडेला उभ्या. गाड्या जोरात जात होत्या. मी तिच्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "तुज्यासाठी बोलले न्हाई मी त्या दिवशी. उगा गैरसमज करून घेऊ नको. जळत व्हते तुज्यावर. तुजं तोंड पाडायला बोलले."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"तुमी जळताय ते. कासोटा आवळला तवाच कळलं व्हतं मला." ती हसली, मग हसायची थांबली. "आन् मी न्हाई का जळत व्हते, आक्का? दर दहा तारखेला तुमी पदराला गाठ मारून यायच्या रिक्षात. रविवार असू द्या, सोमवार असू द्या, श्रावण असू द्या, गाठ ती गाठ. मी त्या गाठीकडं बघत बसायची. म्हनून पाकीट काढलं मी. काय सांगू तुमाला, फुकट बसवलंय म्हनून? लोकं टाकत्यात त्यावर जगतीया म्हनून? माझ्या नवऱ्याला बी न्हाई सांगितलं."

"आन् माझ्या भाकरीचा वाटा? ताटातला? तो द्यावा वाटला न्हाई कधी?"

"वाटला की. पन वाटा द्यायचा तर बाकीचं बी सांगावं लागलं असतं."

माझ्या गाठीवर कुणी जळत असेल असं मला स्वप्नातही आलं नव्हतं. त्या गाठीची मला लाज वाटायची. मालक दोघींचं खात होते, एकीचा पगार आणि एकीचं नाव, आणि आम्ही एकमेकींकडं बघून जळत होतो. मालकांकडं बघून जळायचं आम्हाला सुचलंच नाही. हे सगळं कळलं, तरी खरं सांगते, तिच्या पदरातली गाठ माझ्या गाठीहून मोठी दिसत होती आणि माझा जीव त्या गाठीतच अडकला होता.

रिक्षात बसल्यावर ती माझ्या कानाशी आली. "आक्का, येत्या रविवारी साहेब येतील. मी बोलू का तुमच्यासाठी? सगळ्यांसमोर?"

"काही गरज न्हाई," मी म्हणाले. हिनं माझ्यासाठी बोलायचं? हिच्या उपकारावर मी पगार घ्यायचा? त्यापेक्षा निम्म्या रोजावर राख फुंकत मेलेली बरी. तिनं परत विचारलं नाही. मधले सगळे दिवस विचारलं नाही. भिंतीपलीकडं मिक्सर चालायचा, आणि मी पाट्यावर वाटता-वाटता मनात भांडत बसायचे, कधी तिच्याशी, कधी मालकांशी, कधी माझ्याच तोंडाशी.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. लांबून रिक्षा दिसली. मी म्हणाले, "बोल तर बोल. पन पुटपुटू नको. पार परमिट रूमपातुर ऐकू गेलं पायजे."

तिची खळी पडली. "बोलते. आन् किती मागू?"

"तुज्यापेक्षा जास्त," मी म्हणाले.